वाचक विचारतात : कामे का तुंबतात?

सार्वजनिक सेवांच्या फेरमांडणीविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत एकच बोच आहे : माणसे राबतात, पैसा खर्च होतो, नियमही आहेत, तरी काम वेळेवर का होत नाही? त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत आणि मोठी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी तहसील कार्यालयात महसूल सहायक आहे. रोज रात्री आठपर्यंत थांबतो, अनेकदा सुट्टीच्या दिवशीही येतो; तरी माझ्या टेबलावरील प्रलंबित प्रकरणे कमी होत नाहीत. वरिष्ठ म्हणतात, अधिक झटून काम करा. संघटना म्हणते, रिक्त पदे भरा. दोन्ही म्हणणी मला अपुरी वाटतात. आणखी काही करता येण्यासारखे आहे का? (एक महसूल सहायक, मराठवाडा)

उत्तर : आपल्याला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात याचा मला आनंद वाटतो, कारण या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा आळस किंवा मनुष्यबळ या दोनच शब्दांत शोधले जाते आणि काम प्रत्यक्षात कसे वाहते याकडे कोणी पाहत नाही.

आधी साधा हिशेब करू. समजा, आपल्याकडे रोज सरासरी 20 अर्ज येतात आणि आपण रोज 20 निकाली काढता. आवक आणि जावक जुळते, म्हणजे वरकरणी काहीच बिघडलेले नाही. परंतु टेबलावर आधीची 1200 प्रकरणे पडून असतील, तर आज आलेल्या अर्जदाराची पाळी येण्यास कामकाजाचे 60 दिवस लागतील. आपण रोजचे वीस अर्ज कितीही मन लावून हातावेगळे केले, तरी हे साठ दिवस साठच राहतात. रांगेतील प्रकरणांची संख्या म्हणजे प्रकरणे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला थांबावा लागणारा सरासरी काळ, या नात्याची गणिती सिद्धता अमेरिकेतील संशोधक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये दिली, आणि ते कारखान्याला, दवाखान्याला व तहसील कार्यालयाला सारखेच लागू पडते. आपला गठ्ठा हा आपल्या आजच्या कष्टांचा मापदंड नाही. तो पूर्वी केव्हातरी साचलेल्या देण्यासारखा आहे, आणि त्याचे व्याज मात्र रोज नवा अर्जदार भरतो.

असे जुने देणे फेडण्यास मोहीम उपयोगी पडते. 2017 मध्ये पुणे विभागात तत्कालीन विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’चा उपक्रम राबवला, त्यामागे हाच विचार होता : साचलेले एकदा निपटायचे आणि त्यानंतर त्या त्या दिवसाचे काम त्याच दिवशी संपवायचे. मात्र ज्या कारणांनी गठ्ठा साचला ती कारणे जागेवरच राहिली, तर मोहिमेनंतर काही महिन्यांत टेबल पुन्हा भरते. म्हणून खरा प्रश्न कारणांचा आहे.

पहिले कारण असे की, कर्मचारी जितका पूर्ण वेळ जुंपलेला तितके कार्यालय कार्यक्षम, असे आपण गृहीत धरतो. अर्ज केव्हा येतील आणि एकेका अर्जाला किती वेळ लागेल याचा नेम नसतो, तेव्हा हे गृहीतक मोडते. अशा एका टेबलाचा सर्वांत साधा गणिती नमुना घेतला, तर क्षमतेच्या 80 टक्के काम असताना तेथे सरासरी 4 प्रकरणे असतात. 90 टक्क्यांवर ती 9 होतात आणि 95 टक्क्यांवर 19. काम क्षमतेच्या पंधरा टक्क्यांइतके वाढते आणि थांबणारी माणसे मात्र जवळजवळ पाचपट होतात. आपली संघटना येथे बरोबर आहे : भार आधीच शिगेला पोहोचलेला असताना एक पद रिक्त राहिले, तर विलंब त्या एका पदाच्या प्रमाणात न वाढता कित्येक पटींनी वाढतो. थोडी मोकळीक हा कार्यालयाचा ऐषआराम मानला जातो. माझ्या मते तो त्याच्या कामाचा आवश्यक भाग आहे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि त्यावर आपण स्वतः काही करू शकता. एक आठवडा टेबलासमोर येणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद दोन रकान्यांत करा. जो नवे काम घेऊन आला तो पहिल्या रकान्यात. आणि ‘माझ्या अर्जाचे काय झाले’, ‘कोणता कागद कमी पडला’, ‘नाव चुकीचे छापले आहे’ असे विचारण्यास जो आला तो दुसऱ्यात. ब्रिटनमध्ये सार्वजनिक सेवांच्या रचनेवर काम केलेले जॉन सेडन यांनी या दुसऱ्या प्रकारच्या कामाकडे लक्ष वेधले. पहिल्या वेळी काम नीट न झाल्यामुळेच हे काम जन्माला येते, परंतु कार्यालयाच्या नोंदीत ते कामाचा भार म्हणूनच दिसते आणि त्यासाठी आणखी माणसे मागितली जातात. आपला दुसरा रकाना पहिल्याइतका किंवा त्याहून मोठा निघाला, तर आपल्या रात्री आठपर्यंतच्या कष्टांतील मोठा वाटा कोठे जातो हे आपल्याला दिसेल. मग अर्ज स्वीकारतानाच कागद तपासणे, कमी असलेला कागद त्याच क्षणी सांगणे, अर्ज कोठे पोहोचला हे अर्जदाराला न विचारता कळवणे, अशा साध्या गोष्टींनी तो रकाना लहान होतो. फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या अधिकार नोंदीतील बदलाच्या, प्रकरणात कायद्यानेच हरकतींसाठी 15 दिवसांची नोटीस लागते; तो काळ कमी करता येणार नाही. पण नोटीस बजावण्यापूर्वी आणि मुदत संपल्यानंतर प्रकरण किती दिवस नुसते पडून होते, तो काळ सर्वस्वी आपल्या हातातला आहे.

राहिली गठ्ठ्यांची गोष्ट. आपल्याकडील सहा गठ्ठा पद्धत आपण जाणताच : प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे), स्थायी आदेश संचिका (कायम लागू असलेल्या आदेशांची), अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे ‘ड’ वर्गाचे कागद. ही पद्धत जुनी म्हणून हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण कोणते काम आपल्याकडे थांबले आहे आणि कोणते दुसऱ्याकडे, हे ती डोळ्यांसमोर मांडते. माझा आग्रह दुसऱ्या गठ्ठ्याविषयी आहे. प्रतीक्षाधीन प्रकरणाच्या पहिल्या पानावर कोणाची प्रतीक्षा आहे, कोणत्या तारखेपासून आहे आणि पुढचे स्मरणपत्र केव्हा द्यायचे, या तीन गोष्टी लिहिलेल्या नसतील, तर तो गठ्ठा अडचणीची प्रकरणे नजरेआड करण्याची जागा होतो. प्रत्येक सोमवारी तो गठ्ठा उघडून वरिष्ठांसमोर ठेवा. अनेकदा असे दिसते की, शेजारच्या खोलीतील एका अभिप्रायासाठी तीस प्रकरणे अडली आहेत आणि तो अभिप्राय दरवेळी शब्दशः सारखाच येतो. अशा वेळी तो अभिप्राय मागण्याची पायरीच का ठेवावी, हा प्रश्न टिपणीवर लिहून विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : मुलीच्या प्रवेशासाठी एका दाखल्याचा अर्ज केला. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी ‘त्रुटी’ असा शेरा मारून तो परत आला. कागद जोडून पुन्हा अर्ज केला तर मुदत नव्याने सुरू झाली. दाखला मिळेपर्यंत प्रवेशाची तारीख उलटून गेली होती, आणि कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे मात्र दोन्ही अर्ज वेळेत निकाली निघाले. सेवा हक्क कायद्याचा मग उपयोग काय? (एक पालक, पुणे जिल्हा)

उत्तर : आपल्या मुलीचे झालेले नुकसान या स्तंभातून भरून येणारे नाही, याची मला जाणीव आहे. परंतु आपण जे वर्णन केले आहे ते अतिशय नेमके आहे आणि त्यातून कायद्याचे बळ आणि उणीव या दोन्ही गोष्टी दिसतात.

मध्य प्रदेशाने 2010 मध्ये देशात प्रथम असा कायदा केला. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा 2015 मध्ये आला. त्याने एक मोठे काम केले : सेवा ही कार्यालयाची कृपा राहिली नाही, ती ठरलेल्या दिवसांत मिळण्याचा नागरिकाचा हक्क झाली. अर्ज फेटाळायचा असेल तर कारण लेखी कळवावे लागते, अपील कोणाकडे करायचे हेही सांगावे लागते, तीस दिवसांत पहिले अपील करता येते, आणि वरच्या पायरीवर राज्य सेवा हक्क आयोग आहे. पुरेशा कारणाशिवाय कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. त्रुटीचा शेरा हा आपल्या बाबतीत व्यवहारात नकारच होता, म्हणून त्याविरुद्ध अपील करावे, आणि अपिलात पहिल्या अर्जाची तारीख व पोच क्रमांक आवर्जून नमूद करावा, असे मी सुचवेन.

उणीव मोजणीत आहे. कायदा अर्जाचे दिवस मोजतो. आपल्याला माणसाचे दिवस मोजायला हवेत. मोजमाप हेच उद्दिष्ट झाले की ते चांगले मोजमाप राहत नाही, या आशयाचा विचार ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जातो. इंग्लंडमधील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत रुग्णाचा निर्णय चार तासांच्या आत लागावा असे उद्दिष्ट घातले गेले, तेव्हा आकडेवारीत एक विलक्षण गोष्ट दिसू लागली : चार तास भरण्याच्या अगदी शेवटच्या मिनिटांत वॉर्डात किंवा घरी पाठवलेल्या रुग्णांची संख्या एकदम उसळत असे. उद्दिष्टामुळे सरासरी प्रतीक्षा कमी झाली हे खरे, पण घड्याळ पाहून घेतलेले निर्णयही वाढले. आपला आदल्या दिवशीचा ‘त्रुटी’चा शेरा त्याच जातीचा आहे, आणि तो मारणारा कर्मचारी बहुधा वाईट माणूस नसावा, त्याच्यापुढे ठेवलेला तक्ता त्याला तेच शिकवतो.

उपाय अवघड नाही. त्रुटी काढायची ती अर्ज आल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांतच काढता यावी, सर्व त्रुटी एकाच वेळी कळवाव्यात, आणि पूर्तता झाल्यावर जुनाच क्रमांक पुढे चालावा. तक्त्यात एकच आकडा असावा : नागरिक पहिल्यांदा दारात आला त्या दिवसापासून दाखला त्याच्या हाती पडेपर्यंत किती दिवस गेले. आणि मूळ प्रश्नही विचारलाच पाहिजे. दाखल्यासाठी जोडायचे बहुतेक कागद शासनाच्याच दुसऱ्या एखाद्या खात्याने दिलेले असतात. एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यापर्यंत पोहोचवण्यासाठी नागरिकाने रजा टाकून हेलपाटे घालायचे, ही रचनाच बदलली तर निम्म्या त्रुटी उद्भवणारच नाहीत.

प्रश्न : आमची जमीन कालव्याच्या शेवटच्या टोकाला आहे. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटते, पण पाणी आमच्यापर्यंत क्वचितच येते. गावात पाणी वापर संस्था नोंदलेली आहे, तिचा शिक्का आहे, फलक आहे, बाकी काही नाही. शेतकऱ्यांच्या हाती कारभार दिल्याने काही सुधारते, हे खरोखर कोठे घडले आहे, की ही केवळ परिसंवादात बोलण्याची गोष्ट आहे? (एक शेतकरी, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : घडले आहे, आणि आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्यावरही हेच चित्र होते : मुखाकडच्यांना मुबलक, पुच्छाकडच्यांना कोरडी चारी. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने, 1990 च्या दशकाच्या आरंभी पाणी वापर संस्था उभ्या करण्यास सुरुवात केली, आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की ती सुरुवात पाणी न पोहोचणाऱ्या पुच्छभागातून झाली. ज्यांचे सर्वाधिक अडले होते त्यांनाच संस्थेची सर्वाधिक निकड होती. पुढे लाभक्षेत्रात 24 संस्था झाल्या, त्यांचा प्रकल्पस्तरीय संघ झाला, आणि संपूर्ण कालव्याचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आले.

यशाचे श्रेय एकीला देऊन आपण बहुधा थांबतो. एकी लागतेच, परंतु वाघाडमध्ये तिच्याखाली एक ठोस व्यवस्था होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय आपल्या गावात तिचे अनुकरण करता येणार नाही. पूर्वी पाणीपट्टी पीक आणि हेक्टर पाहून आकारली जात असे. त्यामुळे पाणी वाचवण्यात कोणाचाही लाभ नव्हता, आणि कोणाला किती पाणी गेले हे सांगता येईल असे मापही नव्हते. नव्या व्यवस्थेत संस्थेला पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, ठोक स्वरूपात मिळू लागले. संस्थेचा वर्षाचा कोटा आधीच ठरू लागला, आणि त्यात कोणते पीक घ्यायचे हे शेतकऱ्याने ठरवायचे. मोजलेले पाणी वाचले तर ते आपलेच राहते, एवढी एक गोष्ट पक्की झाल्यावर बाकीचे बदल मागोमाग आले. ठिबक आले, द्राक्षबागा आल्या, आणि बाणगंगा नदीवरील बंधाऱ्यांत पाणी सोडून विहिरी भरून घेण्याची युक्ती आली. पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा माणूस, कोणाच्या शब्दावर दार उघडतो, हा आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. पाटकऱ्याचा पगार आणि जाब दोन्ही संस्थेकडे आले की त्याचे उत्तर बदलते.

यात नवे काहीच नाही, असे धुळे भागातील जाणकार म्हणतील, आणि ते खरे आहे. पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धत काही शतके चालली, तीही लाभधारकांच्याच कारभारावर : पाटांची राखण, पाण्याची पाळी, कोणत्या फडात कोणते पीक, सर्व गावाने ठरवायचे. नेपाळमधील सिंचन व्यवस्थांचा अभ्यास करताना एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना असे आढळले की, शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेल्या साध्या पाटांवर शेवटच्या टोकापर्यंत पाणी पोहोचण्याचे प्रमाण सरकारी खात्याने चालवलेल्या पक्क्या कालव्यांपेक्षा चांगले होते. सामायिक साधनसंपत्तीच्या कारभारावरील त्यांच्या कामासाठी 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता आपल्या संस्थेविषयी. सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीचा महाराष्ट्राचा कायदा 2005 चा आहे. त्यात मुख, मध्य आणि पुच्छ या तिन्ही भागांतून संचालक घेण्याची तरतूद आहे, आणि आपल्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची आहे. माझा सल्ला असा की, फलक असलेल्या संस्थेच्या सभेत आपण तीनच गोष्टी मागाव्यात. पुच्छभागाचे संचालक प्रत्यक्ष कोण आहेत, याची नोंद दाखवा. खात्याबरोबर चारीची संयुक्त पाहणी करून दुरुस्तीची यादी तयार करा, कारण फुटकी चारी ताब्यात घेणारी संस्था पहिल्याच आवर्तनात बदनाम होते. आणि चारीच्या मुखाशी मोजमापाचे साधन बसवून प्रत्येक आवर्तनाचा आकडा फळ्यावर लिहा. हा तिसरा मुद्दा कोणी टाळू लागला, तर तो का टाळतो हे गावाला आपोआप समजेल. संस्था सर्व दुःखांवरचा उपाय आहे असे मी म्हणणार नाही : धरणातच पाणी कमी आले, किंवा वरच्या वर शहराच्या पिण्यासाठी ते वळवले गेले, तर संस्थेचा कोटा कागदावर राहतो. तरीही असलेले पाणी कोणाला मिळाले याचा उघड हिशेब ही लहान गोष्ट नव्हे.

प्रश्न : मी उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. एकच माहिती अनेक नोंदवह्यांत आणि पुन्हा मोबाइलवर भरण्यात माझा बराच वेळ जातो. गावातील आशा ताईंना माझ्यापेक्षा घरे अधिक ठाऊक असतात, पण त्यांनी काही ठरवायचे नसते, केवळ कळवायचे असते. खालच्या कर्मचाऱ्यांवर निर्णय सोपवणे धोक्याचे आहे का? (एक आरोग्यसेविका, विदर्भ)

उत्तर : या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर आपल्याच भागातून आले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत असा प्रयोग केला की, थोडे शालेय शिक्षण झालेल्या गावातीलच स्त्रियांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. वजन घेणे, बाळाला ऊब देणे, श्वास कोंडलेल्या बाळाला साहाय्य करणे, एवढेच नव्हे तर जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे हेही त्यांच्यावर सोपवले. त्या काळी हा निर्णय डॉक्टरांच्या जगात सहज मान्य होण्यासारखा नव्हता. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. आशा ताई आज बाळंतपणानंतर ज्या गृहभेटी देतात त्यांच्या मुळाशी हाच अनुभव आहे.

म्हणजे निर्णय खाली सोपवणे धोक्याचे ठरते ते त्याबरोबर प्रशिक्षण, साधने आणि अडल्यास विचारायला माणूस दिला नाही तर. गडचिरोलीत या तिन्ही गोष्टी होत्या. आपल्याकडे अनेकदा जबाबदारी खाली पाठवली जाते आणि अधिकार वरच ठेवला जातो. दोहोंतील ती पोकळी भरून काढण्यासाठी मग नोंदवह्या वाढतात. वरच्या प्रत्येक पायरीला खाली काय चालले आहे याची खात्री हवी असते, आणि ती खात्री आपल्या वेळातून विकत घेतली जाते.

नेदरलँड्समध्ये ‘ब्यूर्तझोर्ख’ नावाची गृहशुश्रूषा संस्था योस द ब्लोक या परिचारकाने 2006 मध्ये सुरू केली. तेथे जास्तीत जास्त बारा परिचारिकांची एक तुकडी एक वस्ती सांभाळते, आपले वेळापत्रक आणि आपले सहकारी स्वतः निवडते. वर व्यवस्थापकांची उतरंड नाही, सल्ला देणारे मार्गदर्शक आहेत आणि हजारो परिचारिकांच्या मागे कचेरी अगदी लहान आहे. तो देश वेगळा, त्यांचा विमा वेगळा, म्हणून जसाच्या तसा नमुना उचलावा असे मी सुचवत नाही. परंतु आपल्या तालुका अधिकाऱ्यांपुढे आपण एक मागणी जरूर ठेवा : प्रत्येक नोंदवहीपुढे, तिच्यातील माहिती वाचून गेल्या वर्षी कोणी कोणता निर्णय घेतला, हे लिहावे. ज्या वहीपुढे काहीच लिहिता येणार नाही ती बंद करण्याचा प्रस्ताव सर्व आरोग्यसेविकांनी मिळून द्यावा.

प्रश्न : चांगला अधिकारी येतो, कार्यालय सुधारते, त्याची बदली होते आणि सारे पूर्ववत होते. आयुष्यभर मी हेच पाहिले. मग व्यवस्थेच्या फेरमांडणीविषयी लिहिण्यात काही अर्थ आहे का? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : आपला अनुभव मी नाकारणार नाही. 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात अनिलकुमार लखिना हे अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी जिल्हा कार्यालयाची बैठक, दप्तर, अभिलेख आणि लोकांशी होणारा व्यवहार यांची मुळापासून फेरमांडणी केली, आणि ‘लखिना पॅटर्न’ हा शब्दप्रयोग राज्यभर रूढ झाला. त्या नावाने पुढे जे चालले त्यात बरेच ठिकाणी रंगरंगोटी आणि पाट्या एवढेच उरले, ही आपल्याच म्हणण्याची साक्ष आहे. तरीही दप्तर कसे लावावे, अभिलेखातील कागद मिनिटांत कसा सापडावा, याविषयीची जी शिस्त पुढच्या पिढीतील कर्मचाऱ्यांनी प्रशिक्षणात शिकली, ती राहिली. जे लिहून ठेवले आणि शिकवले ते टिकले. जे एका माणसाच्या धाकावर चालले ते गेले.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्याशी निगडित आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगाराच्या हमीच्या कल्पनेचे आरंभीचे प्रयोग तासगाव तालुक्यात झाले. 1972 च्या दुष्काळात ही कल्पना राज्यभर पोहोचली; 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. दुष्काळ सरल्यावर अशी कामे बंद होतात, हा तोवरचा शिरस्ता होता. येथे तसे झाले नाही, याची कारणे मला फार बोलकी वाटतात. 1975 मध्ये व्यवसाय कर बसवून शहरांतील पगारदारांचा पैसा या कामासाठी बांधून ठेवला गेला, आणि तेवढीच भर शासनाने घालण्याचे ठरले. 1977 मध्ये कायदा झाला व तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. काम मागितल्यापासून 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, असे त्यात लिहिले गेले. म्हणजे योजना सुरू कोणी करायची हे मंत्रालयाने ठरवायचे राहिले नाही. ती मजुराच्या मागणीने सुरू होऊ लागली. मुख्यमंत्री बदलले, पक्ष बदलले, तरी ती चालली, आणि 2005 मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

तिचे दोषही सांगितलेच पाहिजेत. 1988 मध्ये मजुरीचा दर किमान वेतनाच्या पातळीवर नेण्यात आला. ते न्याय्यच होते, परंतु त्यानंतर कामेच हात राखून काढली जाऊ लागली आणि मजुरांची उपस्थिती घसरली. हक्क कायद्यात होता. मागणीची नोंद घेणारी वही मात्र गावपातळीवरच्या माणसाच्या हातात होती, आणि मागणी नोंदवलीच नाही तर पंधरा दिवस कधी सुरूच होत नसत. जेथे मजुरांच्या संघटना होत्या तेथे ती वही उघडली गेली.

म्हणून आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की, चांगला अधिकारी आला की त्याच्याकडून सुधारणा मागण्याबरोबर ती कोठे लिहिली जाणार आहे, हेही विचारावे. पहिल्या पत्रातील महसूल सहायकाच्या सहा गठ्ठ्यांत चौथा गठ्ठा स्थायी आदेश संचिकेचा आहे. एखादी अनावश्यक पायरी वगळली, त्रुटी तीन दिवसांत कळवायची ठरली, तर तो निर्णय तारखेसह आणि कारणासह त्या संचिकेत गेला पाहिजे, म्हणजे पुढचा अधिकारी रुजू होईल त्या दिवशी तो त्याच्या टेबलावर असेल, आणि जुन्या पद्धतीकडे परत जायचे झाल्यास त्याला तसे सही करून लिहावे लागेल. आपण शिक्षक होता. आपले कितीतरी विद्यार्थी आज अशा टेबलांमागे बसले असतील. त्यांच्यापैकी एखाद्याला भेटून ती संचिका शेवटची केव्हा उघडली होती, एवढे विचारून पाहावे, आणि तो काय सांगतो ते मला जरूर कळवावे.